तुमचे प्रश्न: राजघराण्याची शस्त्रं दालनात मांडायची कशी?

मागच्या अंकात शस्त्रदालनांवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली, मेसेज आले, काहींनी तर घरच्या तलवारींचे फोटोच पाठवले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण ज्यांचा उपयोग बाकीच्यांनाही होईल असे प्रश्न इथे घेतलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून फक्त गाव किंवा जिल्हा दिलाय.

प्रश्न: आमच्या घराण्याकडे वाड्यात जुनी शस्त्रं आहेत. तलवारी, पट्टे, कट्यारी, ढाली, दोन बख्तरं, थोड्या ठासणीच्या बंदुका. आता लोकांसाठी कायमचं दालन करायचं ठरलंय. इंटिरियरवाल्यांच्या डिझाइनमध्ये समोरच्या भिंतीवर लाल मखमल, मध्ये मोठी ढाल आणि भोवती तलवारींचं चक्र आहे. दिसायला भारी आहे, पण मला काहीतरी खटकतंय. (सातारा जिल्हा)

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. भिंतीवर शस्त्रांची चक्रं, पंखे, फुल्या करायची पद्धत युरोपातल्या राजवाड्यांत फार होती आणि १९व्या शतकात आपल्याकडच्या दरबार हॉलमध्येही ती रुळली. पाहुण्याने आत पाऊल टाकलं की घराण्याचा दबदबा जाणवला पाहिजे एवढाच तिचा हेतू, आणि तेवढं काम ती चोख करते. पण तुम्हाला दालन करायचंय. चक्रात लावलेली तलवार कोणाला वाचताच येत नाही हो, मूठ आत गेली, पातं वर छताकडे, आणि बघणारा म्हणतो वा किती तलवारी आहेत आणि पुढे जातो. त्यातली एक फिरंग असेल, म्हणजे पातं युरोपातून समुद्रमार्गे आलेलं आणि मूठ इथल्या कारागिराने चढवलेली, ही एवढी मोठी गोष्ट त्या चक्रात हरवून जाते.

पण डिझाइनच्या आधी एक काम, आणि हे कृपा करून आजच करा. त्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या नाहीत ना हे तपासून घ्या. जगभरातल्या संग्रहालयांत जुन्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडलेल्या आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. तपासायची पद्धत सोपी आहे, नळीच्या तोंडातून लाकडी काठी अलगद आत टेकेपर्यंत घालायची, तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून बघायची की ती कान्याच्या भोकापर्यंत, म्हणजे दारूला बत्ती देतात त्या नळीच्या मागच्या छिद्रापर्यंत, पोचते का. पोचत नसेल, आखूड पडत असेल तर आत काहीतरी आहे. काय आहे ते बघायला टोचू नका, स्क्रू घालू नका, नळी कोणाच्या दिशेला न ठेवता बाजूला ठेवा आणि जाणकार माणूस बोलवा.

त्याच्याबरोबरीने कागदपत्रं. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही अशा शस्त्रांना सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यायचं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, म्हणजे उद्या परदेशातल्या नातेवाइकाने एखादी कट्यार आठवण म्हणून मागितली तरी देता येणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. प्रत्येक वस्तूला नंबर, चारी बाजूंनी फोटो, माप, वजन, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल जे जे आठवतंय ते त्यांच्याच शब्दांत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ती माणसं गेली की ती माहितीही गेली.

आता मांडणी. माझं मत विचाराल तर संग्रहातलं निम्म्याहून जास्त स्टोअरमध्ये ठेवा आणि जे मांडाल ते हातासकट मांडा. हातासकट म्हणजे काय ते सांगते. आपल्या तलवारीची मूठ बघून दहातले आठ लोक म्हणतात की तेव्हाच्या लोकांचे हात लहान होते का. लहान नव्हते. मुठीच्या टोकाला जी चकती असते ती मनगटाला मुद्दाम अडवते, हात आत घट्ट बसतो, तर्जनी बऱ्याचदा पुढच्या आडव्या भागावरून जाते आणि वार मनगटातून न होता खांद्यातून, ओढून होतो. हे लेबलवर चार ओळी लिहून कळत नाही. शेजारी मुठीची नुसती रेप्लिका पक्की बसवून ठेवा, लोकांना हात घालून बघू दे, एका सेकंदात कळतं. दांडपट्ट्याचंही तेच, कोपरापर्यंतचं लोखंडी नळकांडं, आत आडवी मूठ, त्यामुळे मनगट वळतच नाही आणि सगळं शरीरच फिरवावं लागतं. २०२४ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्र केलं त्यामुळे लोक तो बघायला येतीलच, पण काचेआड तो नुसता लांबलचक पट्टी दिसतो. कोल्हापूरकडच्या तालमींमध्ये मर्दानी खेळ खेळणारी मंडळी आहेत, त्यांना बोलवा, व्हिडिओ शूट करा, पायाची पावलं दिसतील असा, आणि तो पट्ट्याच्या शेजारी आवाज बंद ठेवून सतत चालू ठेवा.

बख्तर हँगरला लटकवू नका. हजारो कड्या आहेत, दहा किलोच्या आसपास वजन असतं, सगळा ताण खांद्यावरच्या कड्यांवर येतो आणि त्या उघडतात. आतून भरीव, मऊ अस्तराचा धडाचा साचा करून त्यावर चढवा, आणि कड्या फारच अशक्त असतील तर तिरक्या फळीवर झोपवून दाखवा, त्यात कमीपणा काही नाही. लाल मखमल मात्र नकोच. तिचा रंग कसा टिकेल माहीत नाही, आणि खाली लोकर असेल तर तिच्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. शिवाय लाल रंगावर सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर दाबून बसवलेली नक्षी, दिसतच नाही हो, डोळ्यांसमोर लालच भरून राहतो.

प्रश्न: आमचं छोटं संग्रहालय समुद्रापासून अगदी जवळ आहे. दर पावसाळ्यात पात्यांवर गंज येतो. आमचे शिपाई काका दरवर्षी पॉलिश पेपरने घासून खोबरेल तेल लावतात, चकाचक होतं, पण परत तेच. काचेचे नवीन शोकेस घेतोय, काय सांगावं मिस्त्रीला? (रत्नागिरी)

काकांची तळमळ खरी आहे, त्यांना दुखवू नका, पण पॉलिश पेपर आजपासून बंद. जौहरदार पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी असते ती अगदी वरच्या थरात असते, दरवर्षी घासलं की ती पुसट होत होत संपते. कोफ्तगिरीचं तर आणखी वाईट, लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरून त्यात सोन्याचा पातळ पत्रा दाबलेला असतो, घासलं की सोनंच निघून येतं. चिंच, लिंबू, राख यातलंही काही नको. खोबरेल तेल काही महिन्यांनी चिकट होतं, धूळ धरतं आणि धुळीबरोबर ओलावा धरतं. कॉन्झर्व्हेटरकडून (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडून) एकदा नीट साफ करून घेऊन मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा, तेवढं पुरतं. हाताळताना नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, कापडी ग्लोव्हजमधून घाम आरपार जातो आणि घामातल्या मिठाने बोटांचे ठसे पात्यावर कायमचे उठतात.

मूळ दुखणं हवेत आहे. लोखंडाला चाळीस टक्क्यांच्या खाली आर्द्रता लागते आणि कोकणात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर असते, वर समुद्राचं मीठ. यावर लोक पहिला उपाय करतात तो एसी, आणि संध्याकाळी म्युझियम बंद झालं की एसीही बंद. याने उलट जास्त नुकसान होतं, कारण रात्री दमट गरम हवा आत शिरते आणि गार पडलेल्या पात्यावर पाणी धरतं. रोजची ही चढउतार गंजाला निमंत्रणच आहे. चोवीस तास चालवायची ऐपत नसेल (बहुतेकांची नसते, वीजबिल बघून कोणीही हात वर करेल) तर खोलीचा नाद सोडा आणि शोकेस सांभाळा. दाराला चांगली रबरी पट्टी, हवाबंद बसणारं, आणि वस्तूच्या खालच्या कप्प्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल, जे बाहेरून ड्रॉवरसारखं काढून बदलता येईल. आत आर्द्रतेची नोंद ठेवणारा छोटा डेटा लॉगर ठेवा म्हणजे जेल कधी बदलायचं ते कळेल. पट्टीचं रबरसुद्धा साधं व्हल्कनाइज्ड नको, त्यात गंधक असतं, सिलिकॉनचं घ्या.

आणि मिस्त्रीला सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की आत प्लायवूड आणि एमडीएफ नको. बंद पेटीत या लाकडांतून आणि त्यांच्या गोंदातून आम्लाच्या वाफा निघत राहतात. बाहेर हवा खेळती असते म्हणून जाणवत नाही, पण तुम्ही हवाबंद पेटी केली म्हणजे त्या वाफा आतच कोंडल्या. शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी आलेली दिसली तर समजा हेच झालंय. पावडर कोटिंग केलेलं धातूचं आणि काचेचं शोकेस करा. कापड, रंग, फोम यातलं काहीही वापरायच्या आधी ऑडी टेस्ट मागा, ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ मध्ये मांडली, यात त्या सामानाचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांबरोबर बंद नळीत साठ अंशांवर, पूर्ण दमट हवेत, २८ दिवस ठेवतात, पट्टी खराब झाली की ते सामान बाद. महिनाभर थांबावं लागतं म्हणून कंत्राटदार कुरकुर करतात. थांबा.

म्यानाचं वेगळं बघावं लागेल. लाकूड, चामडं, मखमल यांना पन्नास टक्क्यांच्या आसपास हवा लागते, पात्याला लागते तेवढ्या कोरड्या हवेत ती आकसतात, तडकतात. म्हणून तलवार म्यानात घालून ठेवू नका, चामडं ओलावा धरून पातं आतून खातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन शेजारशेजारच्या केस, एकीत पातं, दुसरीत म्यान, आणि लेबल एकच. मखमलीवर प्रकाश पन्नास लक्सच्या वर नको, पोलादाला तशी मर्यादा नाही. पात्यावर समोरून स्पॉट मारला तर नुसती चमक दिसते, बाजूने खालून तिरका लाइट टाका, जौहर उठून येतो.

प्रश्न: दालन झालं तरी खंडेनवमीला पूजा करायचीच असं घरच्यांचं म्हणणं आहे, क्युरेटर नको म्हणतात. घरात वाद चाललाय. (कोल्हापूर)

पूजा बंद करायची गरज मला वाटत नाही. ज्या घराण्याची शस्त्रं, त्यांची खंडेनवमी हा त्या शस्त्रांच्या आयुष्याचाच भाग आहे, दालनात तिचा फोटो आणि माहितीसुद्धा असावी. प्रश्न फक्त ओल्या हळदीकुंकवाचा, अक्षतांचा, फुलांचा आणि शिंपडलेल्या पाण्याचा आहे. ते पात्याच्या खाचांत बसतं, ओलावा धरतं आणि दुसऱ्या वर्षी तिथे खड्डा दिसतो. मार्ग असा निघू शकतो की मुख्य शस्त्रं केसमध्येच राहतील, समोर चौरंगावर ताम्हण ठेवून हळदकुंकू ताम्हणात वाहायचं, आणि प्रत्यक्ष पूजेला घराण्यातलीच एखादी साधी, नक्षी नसलेली तलवार कायमची नेमून द्यायची, जी पूजेनंतर त्याच दिवशी कोरडी करून मेण लावून ठेवता येईल. उदबत्ती आणि निरांजन केसपासून लांब. घरातल्या थोरल्यांना क्युरेटरने स्वतः जाऊन एक खड्डा पडलेलं पातं दाखवावं, पत्र पाठवू नये.

प्रश्न: मी डिझाइनची विद्यार्थिनी आहे. वाघनखांवरून जो वाद झाला तो वाचून प्रश्न पडला की एखादी वस्तू नक्की त्या राजाचीच आहे हे सिद्ध होत नसेल तर लेबलवर काय लिहायचं? खरं लिहिलं तर लोक चिडतात. (पुणे)

लोक चिडतात ते फसवलं गेल्यासारखं वाटतं तेव्हा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं तीन वर्षांसाठी आली आणि १९ जुलै २०२४ ला साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन सुरू झालं. त्यांच्याबरोबरच्या पेटीवर लिहिलंय की ही शिवाजी महाराजांची असून पेशव्यांच्या प्रधानाने साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ यांना दिली. हा इतिहास पेटीवरच्या मजकुराचा, आणि अफझलखानाच्या भेटीत वापरलेली हीच का याची खात्री करता येत नाही असं खुद्द ते म्युझियम सांगतं. कोल्हापूरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर.

मी लेबल केलं असतं तर त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या असत्या. वस्तू काय आहे हे आधी, पोलादी वाघनखं, बोटांत कशी बसतात, मुठीत कशी लपतात. मग ती कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली, ग्रँट डफ साताऱ्यात १८१८ पासून होते, तिथून त्यांच्या कुटुंबाकडे आणि तिथून म्युझियमकडे. आणि मग परंपरा काय सांगते व पुरावा कुठे थांबतो, हे त्याच आकाराच्या अक्षरात, तळाशी बारीक टाइपात लपवून नाही. लोकांच्या मनातला महाराजांबद्दलचा आदर या तिसऱ्या ओळीने तसूभरही कमी होत नाही, प्रतापगडची भेट कुठल्या एका लोखंडाच्या तुकड्यावर अवलंबून नाही. उलट जिथे पुरावा पक्का आहे तिथे तुमच्या शब्दाला वजन येतं. नागपूरकर रघुजी भोसल्यांची म्हणून राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना जी तलवार घेतली तिच्यावर देवनागरीत नावच आहे, सेनासाहेबसुभा या किताबासकट, पातं युरोपी धाटणीचं आणि मूठ आपल्याकडची. तिथे ठामपणे लिहा की.

आणि चुकीच्या लेबलांचा इतिहास आपल्यापुरता नाही. लंडनच्या टॉवरमध्ये ‘लाइन ऑफ किंग्ज’ म्हणून लाकडी घोड्यांवर चिलखत घातलेल्या राजांची रांग १७व्या शतकापासून आहे. सुरुवातीला कोणतंही चिलखत कोणत्याही राजाच्या नावावर खपवलेलं होतं, शतकांचा फरक असला तरी. १८२०च्या दशकात सॅम्युअल रश मेरिक या अभ्यासकाने ती सगळी रांग कालक्रमाने लावायचा प्रयत्न केला. आज तिथेच त्या जुन्या चुकाही प्रदर्शनाचा विषय आहेत आणि लोक ते आवडीने वाचतात.

प्रश्न: इथल्या रॉयल आर्मरीजमध्ये हत्तीचं चिलखत बघितलं, अख्ख्या हत्तीच्या मॉडेलवर चढवलेलं. मुलगा थक्क झाला. पण तुम्ही तर म्हणता भपका नको, मग हे कसं? (लीड्स, इंग्लंड)

भपका नको असं नाही, शस्त्राचं काम झाकणारा भपका नको. हत्तीचं चिलखत सपाट टेबलावर पसरलं असतं तर लोखंडी पत्र्यांची गोधडी दिसली असती. ते हत्तीवर चढवल्यावरच कळतं की सोंड मोकळी का, डोळ्यांची जागा कुठे, बाजूचे पट्टे कसे लोंबतात. मोगलकालीन, साधारण १६०० च्या सुमाराचं मानतात, आज त्यात ५,८४० पत्रे आहेत आणि वजन ११८ किलो, मूळचं पूर्ण असतं तर ८,४३९ पत्रे आणि १५९ किलो. म्हणजे बराच भाग हरवलाय, आणि जो नाही तो नव्याने बनवून खऱ्यात मिसळून टाकलेला नाही, हे मला फार आवडतं. पुढच्या वेळी मुलाला पत्र्यांवरचे छोटे हत्ती, मासे आणि कमळं शोधायला सांगा.

एक मात्र वाटतं. हे चिलखत मद्रासचे गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह यांच्या पत्नीने हिंदुस्थानात मिळवून १८०१ मध्ये तिकडे नेलं. कुठलंही शस्त्रदालन बघताना वस्तू तिथपर्यंत आली कशी हे विचारत जा. आपल्या तंजावरच्या भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये खालसा झालं, नंतर त्यांचं शस्त्रागार मोडलं, बरंच भंगारात गेलं, निवडक मद्रासच्या सरकारी म्युझियममध्ये आलं. तंजावरच्या मराठी दरबाराचं एखादं शस्त्र कुठेही मांडलं असेल तर त्या भंगाराची गोष्ट शेजारी हवीच. फक्त नक्षीचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही.

प्रश्न: सहावीच्या मुलांना शस्त्रदालन दाखवायला नेते. मुलं विचारतात तलवार किती किलोची, मोबाईलवर पन्नास, सत्तर किलो असं काहीही वाचलेलं असतं. आणि काचेला नाक लावून दोन मिनिटांत कंटाळतात. (नाशिक, शिक्षिका)

सरळ सांगा, लढाईची तलवार एक ते दीड किलोच्या आसपास. युरोपातलं डोक्यापासून पायापर्यंतचं अख्खं लढाईचं चिलखत वीस-पंचवीस किलोचं, ते घालून माणूस पळत होता, घोड्यावर स्वतः चढत होता. पन्नास किलोची तलवार घेऊन कोणी दिवसभर लढू शकत नाही, आणि हे सांगितल्याने योद्धा लहान होत नाही. दीड किलोचं पोलाद हात लांब करून धरायला लावा, बोथट रेप्लिका किंवा तेवढ्याच वजनाची लोखंडी सळई, एका टोकाला कापड गुंडाळलेली. मिनिटभरात दंड थरथरायला लागतो आणि मग प्रश्न आपोआप बदलतात, की ते रोज किती सराव करत असतील, काय खात असतील, जखम झाली तर कोण बघत असेल. या प्रश्नांची उत्तरं देणारी दालनं आपल्याकडे कमी आहेत, म्हणून तुम्हालाच तयारी करून जावं लागेल. जायच्या आधी संग्रहालयाला फोन करून हाताळायला रेप्लिका मिळतील का ते विचारा, आणि एका फेरीत सगळं दालन दाखवायचा हट्ट धरू नका, चार वस्तू निवडा, प्रत्येकीसमोर मुलांना खाली बसवून मूठ, पातं आणि जखमांच्या खुणा चित्रात काढायला लावा.